मुकादम सांभाळण्याबाबत

४ मार्च

मावशी,

तुला दवाखान्यात नेलं त्या दिवशी तू माझ्या हातात घराची किल्ली ठेवलीस आणि "मुकादमला बघ" एवढंच म्हणालीस. स्ट्रेचरवरून माणूस याहून जास्त सांगू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण आता खुब्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले, तू लेकाकडे, दादाच्या घरी, खुर्चीत बसून जेवतेस असं वहिनींनी कळवलं. तेव्हा काही गोष्टी लेखी मिळाव्यात.

मी भाड्याची खोली सोडून तुझ्या घरी राहायला आलो आहे. सामान आत आणताना मुकादम उंबऱ्याशी बसून एकेक पिशवी हुंगत होता आणि मगच वाट देत होता. कुत्र्याचं हे असलं नाव का ठेवलंस, ते तेव्हा कळलं.

पुढील माहिती हवी. खाणं किती ग्रॅम आणि किती वेळा. फिरवायचं किती मिनिटं. अंघोळ किती दिवसांनी. तो रोज चारच्या सुमारास भिंतीकडे तोंड करून बसतो, हे नेहमीचं आहे की बिघाड आहे. मी लिफ्ट तपासणारा माणूस. प्रत्येक लिफ्टसाठी माझ्याकडे एकतीस मुद्द्यांचा तक्ता असतो, त्यावर खुणा केल्या की मी निश्चिंत होतो. तू आठ वर्षं कुत्रा पाळलास आणि त्याबद्दल एक चिठोरं लिहून ठेवलेलं नाहीस. मी सगळे खण उघडून पाहिले.

फोनच करणार होतो, पण तू फोनवर येत नाहीस असं वहिनी म्हणाल्या.

तुझा भाचा


९ मार्च

भाचेराव,

खण उघडलेस ते उघडलेस, आता नीट लाव.

फोनवर मी येत नाही हे खरं आहे. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाले त्या दिवशी कानावरचा तो पट्टा काढला आणि ठरवलं, आता कानाला काही लावायचं नाही. शिवाय इथला फोन दिवाणखान्यात आहे. बोललं की सगळ्या घराला कळतं, आणि मग सगळं घर उत्तर देतं.

मुकादमला किती खायला घालायचं ते मला माहीत नाही. मी हाताने वाढते. त्याला बास झालं की तो भांड्यापासून एक पाऊल मागे सरतो आणि दुसरीकडे बघतो, जसं काही ते भांडं त्याचं नाहीच. फिरून तो दमला की तुझ्या डाव्या बाजूला येतो. भिंतीकडे तोंड करून बसणं नेहमीचं आहे. कारण मी कधी विचारलं नाही, प्रत्येकाला दिवसातून थोडा वेळ एकटं बसायचं असतं.

तक्ता नाही आणि मी करणारही नाही. त्याच्याकडे बघत जा. कळेल.

दादाने माझ्या खोलीत दोन्ही भिंतींना धरायला दांडे बसवले आहेत. फार काळजी घेतो. मी आगगाडीच्या डब्यात चालल्यासारखी चालते.

मावशी


१७ मार्च

मावशी,

"त्याच्याकडे बघत जा, कळेल" ही सूचना मी आठ दिवस पाळून पाहिली. निष्कर्ष कळवतो.

मंगळवारी मला आतून वाटलं की त्याला बाहेर जायचं आहे. कामाचे कागद बाजूला सारून त्याला खाली नेलं. त्याला बाहेर जायचं नव्हतं. समोरच्या शिंपीणबाईंची मांजर आमच्या जिन्यात आली होती, तिला जिन्यातून घालवायचं होतं. ती गेल्यावर तो वर जायला निघाला.

गुरुवारी मला वाटलं, तो तुझ्या आठवणीने उदास झाला आहे. मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून थोडं बोललोसुद्धा. तो माझ्या बुडाखाली गेलेल्या बिस्किटाकडे बघत होता.

शनिवारी वाटलं की त्याला मी आवडायला लागलो. पायाशी येऊन झोपला. नंतर लक्षात आलं, ऊन तिथे पडतं. मी खुर्ची हलवली तर तो हलला नाही.

तीनपैकी तीन अंदाज चुकले. लिफ्टच्या बाबतीत असा निकाल आला असता तर मी ती लिफ्ट बंद केली असती. म्हणून मी स्वतःच तक्ता तयार केला आहे. सध्या त्यात चौदा मुद्दे आहेत. मुकादम काल तो तक्ता हुंगून गेला, बाकी प्रतिक्रिया नाही.

तुझा भाचा


२२ मार्च

भाचेराव,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हसले तर टाके ओढतात असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून दुसऱ्यांदा जपून वाचलं.

तू मुकादमकडे बघितलंसच नाहीस. तुला काम सोडून बाहेर जायचं होतं. तू उदास होतास. त्याला तू आवडावास असं तुला वाटत होतं. हे सगळं खरंच होतं, फक्त पत्ता चुकला.

एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना मी सांगायची, आपलं मन घरी ठेवून या आणि फक्त आवाज ऐका. "काही नाही, सहज केला होता" असं म्हणणाऱ्या माणसाने फोन सहज केलेला नसतो. हे आपल्याला ठरवावं लागत नाही, ऐकू येतं. पण आधी आपल्याला गप्प बसावं लागतं, आतूनसुद्धा. ते मला जमायला सहा वर्षं लागली. तुला आठ दिवसांत जमलं नाही म्हणून लगेच सगळं मोडीत काढू नकोस.

तक्ता ठेव. हाताला चाळा हवाच. पण मुकादमकडे बघताना तो उलटा ठेव.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

मुकादम आता बरा आहे. हे वाक्य आधी लिहिलं, कारण पुढचं तू खुर्चीत बसून वाचावंस.

गेल्या सोमवारपासून तो फार गुणी वागत होता. मांजर जिन्यात आली तरी उठला नाही. पिशव्या हुंगल्या नाहीत. खाणं जवळजवळ सगळं संपवत होता, पाणी पीत होता, चौदाच्या चौदा मुद्द्यांवर खुणा झाल्या. बुधवारी तुझं म्हणणं आठवून मी तक्ता उलटा ठेवला आणि अर्धा तास काही न करता बसून राहिलो. सांगण्यासारखं काही दिसलं नाही. फक्त, तो चार वाजता भिंतीकडे तोंड करून बसला नाही. न्हाणीघरात जाऊन गार फरशीवर पोट टेकून पडला. आणि एकदा पुढचे पाय वाकवून मागचा भाग उंच करून तसाच थांबला, आळस देताना करतात तसा, पण आळस संपेचना.

मी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ताप पाहिला, पोट दाबलं, रक्त तपासलं. सगळं ठीक. "वय झालंय, हवा बदलते आहे," असं म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. कागदावर लिहून मिळालं होतं.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या भांड्यात अंडं कालवून ठेवलं. त्याने सगळं खाल्लं आणि मग माझ्याकडे बघितलं. मावशी, त्या बघण्यात काय होतं ते मला लिहिता येत नाही. खाल्लं ते माझ्यासाठी खाल्लं, असं काहीसं. आणि या वेळी मी माझा अंदाज चाचपून पाहिला. मला काय हवं होतं? मला कामावर जायचं होतं. त्या दिवशी तीन लिफ्ट होत्या. मला मनापासून वाटत होतं की हा ठीक असावा. म्हणजे हे जे मला दिसत होतं ते माझ्या सोयीचं अजिबात नव्हतं. त्यावरूनच मला ते खरं वाटलं.

कामावर निरोप दिला आणि पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कालच तर पाहिलं. आज काय झालं?" मी म्हणालो, "काहीही झालेलं नाही. पण हा आमचा मुकादम नाही." हे वाक्य मी एका शिकलेल्या बाईंसमोर, चार लोक ऐकत असताना बोललो. त्यांनी मुकादमला पुन्हा टेबलावर घ्यायला लावलं. मग म्हणाल्या, सोनोग्राफी करू.

आतड्यात रबराचा तुकडा अडकला होता. दुपारी ऑपरेशन झालं. आणखी दोन दिवस थांबलो असतो तर आतडं फाटलं असतं, असं त्या म्हणाल्या, आणि कालच्या कागदाबद्दल त्यांनी स्वतःहून माफी मागितली. बाई चांगल्या आहेत.

रबर कुठून आलं याची चौकशी चालू आहे.

तुझा भाचा


८ एप्रिल

चि. भाच्यास,

पत्र मिळालं. मुकादम वाचला हे उत्तम झालं. तू योग्य तेच केलंस.

इथे सगळं उत्तम आहे. जेवण वेळेवर असतं. तुझी वहिनी माझं सगळं करते. माझी तब्येत उत्तम आहे, डॉक्टरांनी काठीने चालायला सांगितलं आहे.

दादाचं म्हणणं, तिकडचं घर आता सोडून द्यावं. जिना, एकटी बाई, पुन्हा पडले तर कोण बघणार. त्याचं बरोबर आहे. महिनाअखेरीस घरमालकांना तसं कळवायचं आहे. मी हो म्हटलं. या इमारतीत कुत्रे ठेवू देत नाहीत, तेव्हा मुकादमला तूच ठेवून घे. त्याला तुझी सवय झालीच आहे.

तू म्हणशील, मावशी, तुझ्या मनाला काय वाटतं. माझ्या मनाचं मला सांगू नकोस. स्टुलावर चढले तेव्हा ते हलतंय हे मला कळत होतं. पण मनाने सांगितलं, धरेल. मन राहिलं वर आणि मी आले फरशीवर. तेव्हापासून मी त्याला विचारायचं बंद केलं आहे. दादा सांगतो तसं करते. तेच उत्तम.

मावशी


१२ एप्रिल

मावशी,

आधी चौकशीचा निकाल. रबराचा तुकडा माझाच. एका इमारतीत लिफ्टच्या दारामागचा रबरी गट्टू झिजलेला सापडला, तो मी पुरावा म्हणून काढून पिशवीत ठेवला आणि पिशवी जमिनीवर. मुकादमने पिशवी तपासली. गेल्या पत्रात मी हे लपवलं, कारण तू मला त्याला बघायला सांगितलं होतंस आणि मीच त्याला जवळजवळ मारलं होतं. कार्यालयात मी लिहून दिलं आहे की पुरावा कुत्र्याने गिळला. साहेबांनी तो कागद तीनदा वाचला आणि सही केली.

आता तुझ्या पत्राबद्दल. त्यात "उत्तम" हा शब्द चार वेळा आहे. मी मोजला. मुकादमच्या आतड्यात रबर कुठून आलं, टाके किती, तो कण्हला का, यातलं एक अक्षर तू विचारलं नाहीस. दांड्यांची थट्टा नाही. मला "चि. भाच्यास" लिहिलंस. तू मला शेवटचं असं लिहिलं होतंस तेव्हा मी सातवीत नापास झालो होतो.

मावशी, आजारी पडण्याआधी मुकादमसुद्धा असाच शहाण्यासारखा वागत होता.

आणि ते स्टुलाचं. मी त्यावर दोन दिवस विचार केला, कारण आमच्या कामात पडण्याची कारणं शोधावी लागतात. तू स्वतः लिहिलं आहेस, ते हलतंय हे तुला कळत होतं. मग चुकलं कोण? जे तुला कळलं ते बरोबरच होतं. "धरेल" हे नंतर आलं, आणि ते तू घाईने म्हणालीस, कारण खाली उतरून दुसरं स्टूल आणायचा कंटाळा आला होता. दोन्ही आवाज आतूनच येतात म्हणून दोन्हींना एकच नाव देऊ नये. हे मला तूच शिकवलंस. पत्ता चुकला म्हणालीस ते.

२० तारखेच्या रविवारी मी मुकादमला घेऊन येतो आहे. कार्यालयाची गाडी मिळाली आहे. परत येताना मागची जागा मोकळी असेल.

तुझा भाचा


२१ एप्रिल

मावशी,

काल झालं त्याबद्दल दिलगीर आहे.

मी दादाच्या घरी जाऊन, वहिनींनी केलेला चहा हातात घेऊन, सगळ्यांसमोर "मावशी, घरी चल" असं म्हणायला नको होतं. तू "नाही रे, मी इथे छान आहे" म्हणालीस ते माझ्या लक्षात आलं आहे. दादाचा चेहरा पाहूनच मी थांबायला हवं होतं. त्याने तुझ्यासाठी खिडकीपाशी कुंड्यासुद्धा आणून ठेवल्या आहेत.

मुकादम तुझ्या खुर्चीखाली शिरला आणि निघताना त्याला ओढून काढावं लागलं. त्याचा मी काही अर्थ लावत नाही. खाली कदाचित गार असेल.

म्हणजे पाच अंदाजांपैकी एक बरोबर आला. एवढ्यावर माणसाने दुसऱ्याच्या घरात बोलू नये. मी आता कुत्रा चालेल अशी खोली शोधायला लागलो आहे. दोन बघितल्या. पहिलीच्या मालकीणबाईंनी विचारलं, कुत्रा शांत आहे का. मी म्हणालो, सध्या आहे.

तुझ्या भांड्यांचं आणि पुस्तकांचं काय करायचं ते कळव. घाई नाही.

तुमच्या इमारतीच्या लिफ्टचं दार बंद होताना दोनदा मागे येतं. दादाला सांग, कोणालातरी दाखवून घे. कुत्र्याला लिफ्टमध्ये बंदी असल्यामुळे आम्ही सहा मजले जिन्याने गेलो, पण येता-जाता मी ती पाहत होतो.

तुझा भाचा


२५ एप्रिल

भाचेराव,

भांड्यांना आणि पुस्तकांना हात लावू नकोस. खोली शोधणं थांबव.

आता रविवारचं सांगते. तू विचारलंस तेव्हा दादा दारात उभा होता, हातात बशी. तो सहा वर्षांचा असताना शाळेतून मातीचा घोडा करून घेऊन आला होता. त्या घोड्याला तीन पाय होते. "कसा आहे?" असं विचारताना त्याचा चेहरा जसा होता, अगदी तसाच चेहरा परवा होता. मी तेव्हा काय म्हणाले असेन? छान आहे म्हणाले. परवाही तेच म्हणाले.

तुम्ही दोघं जिना उतरायला लागलात. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. मुकादम गाडीत चढेना. तू वाकून त्याच्याशी काहीतरी बोललास, मग तो चढला. गाडी वळणावरून गेली. मी मागे फिरले, तर वहिनी माझ्या पायांकडे बघत होती. मी खाली पाहिलं. माझ्या पायांत बाहेर जायच्या चपला होत्या.

त्या दाराजवळच्या कपाटात असतात. दोन महिन्यांत मी त्यांना हात लावलेला नव्हता. तिथपर्यंत मी कधी गेले, वाकून कधी घातल्या, मला काही आठवत नाही. वाकताना माझा खुबा दुखतो, म्हणजे तेव्हाही दुखला असणार. काठी खुर्चीलाच टेकलेली होती.

वहिनीने वाकून चपला काढून घेतल्या. तिने दादाला सांगितलं नाही. तीन दिवस तिने वाट पाहिली आणि मग आमटी ढवळता ढवळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चपला मी परत कपाटात ठेवलेल्या नाहीत. पलंगाखाली आहेत." ही मुलगी एक्स्चेंजमध्ये असती तर मी तिला पहिल्या दिवशी फोन जोडायच्या मोठ्या बोर्डावर बसवलं असतं.

काल संध्याकाळी दादा कामावरून आला. मी त्याला बस म्हटलं. मी फार तयारी केली होती. जिन्याला दोन्ही बाजूंनी दांडे बसवून घेऊ, समोरची शिंपीणबाई रोज डोकावेल, भाच्याला कायमचं मधल्या खोलीत ठेवून घेऊ, असं सगळं ओळीने पाठ केलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य निम्मं झालं आणि तो म्हणाला, "मला वाटतच होतं."

मी म्हटलं, "काय वाटत होतं?"

"तुला इथे करमत नाही. पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"मी रोज विचारत होतो. तू म्हणायचीस, उत्तम."

 तेहतीस वर्षं मी लोकांचे आवाज ऐकले आणि घरात पोरगा रोज सकाळी विचारत होता, ते त्याला "उत्तम" ऐकायचं आहे म्हणूनच, असं मी धरून चालले. त्याला खरं ऐकायचं होतं. त्याचंही तेच झालं. त्याला वाटत होतं ते बरोबर होतं, पण मी पडल्यापासून तो इतका घाबरला आहे की माझ्या "उत्तम"वर विश्वास ठेवणं त्याला सोपं पडलं.

मग आम्ही दोघं पहिल्यांदा मी पडले त्याबद्दल बोललो. तो म्हणाला, दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो, आणि पुढचा रस्ता मला दिसलाच नाही. हे त्याने मला इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मी पुन्हा पडणार नाही असं मी तुला सांगणार नाही, कारण ते मला माहीत नाही. पण एखादी गोष्ट हलतेय असं कळलं की मी चढणार नाही, आणि तुलाही लगेच सांगेन. तो हो म्हणाला. मग म्हणाला, "पुढच्या शनिवारी मी सोडायला येतो. दोन दिवस राहिलं तर चालेल?" स्वतःच्या आईच्या घरी राहायला पोरगा परवानगी मागतो, इतके आम्ही एकमेकांशी नीट वागत होतो.

तेव्हा पुढच्या शनिवारी दुपारी पोचू. वहिनीही येते आहे. दादाला पुढच्या खोलीत झोपव, तो घोरतो. मुकादमच्या पोटावरचा टाक्यांचा व्रण मला बघायचा आहे, तो झाकून ठेवू नकोस. आणि तुला मधल्या खोलीत राहायचं आहे की नाही ते आल्यावर सांग. मी "चालेल" हे उत्तर धरणार नाही.

हे पत्र लिहिते आहे तेव्हा दादा खाली गाडी धुतो आहे. गाडी त्याने कालच धुतली होती. मी खिडकीतून बघते आहे. पाणी संपलं, फडकं पिळून झालं, काचा पुसून झाल्या, आणि आता तो पुन्हा बादली भरून घेऊन आला. मी हाक मारणार होते, चहा झालाय म्हणून. मारली नाही; मुकादम भिंतीकडे तोंड करून बसलेला असतानाही मी मारत नाही.

मावशी